उंबराच्या पाण्याचे फोटो

वसई
३ फेब्रुवारी २०२६

ती. आल्बिना मावशीस,
मेलिसाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काशीरामकाकांच्या भाजीच्या टेम्पोतून, मेथीच्या जुड्यांखालून पोहोचलं. कोपरा ओला झाला होता, पण अक्षर तुझ्या शाळेतलंच, त्यामुळे सगळं वाचता आलं. या काळात चिठ्ठ्याचपाट्या लिहिताना आधी हसू येतं, मग ते कुठल्या कुठे जातं. घरातला एकही फोन असा नाही जो शॉनच्या दुकानात दुरुस्तीला गेला नाही. जावई स्वतः मोबाइल दुरुस्त करतो तर बाहेर कशाला द्यायचा, असं पप्पाच म्हणायचे. त्या फोनांत त्याने काय घालून ठेवलंय ते देव जाणे. म्हणून टिफनी त्याचं घर सोडून तुझ्याकडे चांदीपला आली आहे हे मी अजून फोनवर उच्चारलेलं नाही.

आता माझ्या फोटो स्टुडिओचं. आपल्या डेरिकच्या लग्नापासून मला आळीतून सुखाने चालता येत नाही. प्रत्येक फाटकातून एक बाई हाक मारते आणि उंबराच्या पाण्याला वाजतगाजत विहिरीवर गेली होती तेव्हाचा तिचा फोटो कधी मिळणार म्हणून विचारते. एका सॉफ्टवेअरमध्ये बुकिंग, दुसऱ्यात बिलं, तिसऱ्यात रील कापायचे आणि फोटो वाटायला पुन्हा पेन ड्राइव्ह. एकाच नवरीचं नाव मी चार ठिकाणी लिहीत होते. बरीच पारखून शेवटी सगळं एकत्र करणारं एक घेतलं. त्यात गंमत अशी की, आपला चेहरा दाखवला की लग्नाच्या हजारो फोटोंतून आपले तेवढे बाहेर येतात. आळीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि फाटकं गप्प झाली. टिफनीचे फोटो मी आधीच एकेक बघून काढून टाकलेत, काळजी नको.

काळजी दुसरीच आहे. शॉनची मोटारसायकल हल्ली स्टुडिओसमोरच्या रसाच्या दुकानापाशी असते. तो आत येत नाही. नुसता बसतो. तुझं घर त्याला माहीत नाही, तुमच्याकडे यायला निघाले तर मीच त्याला वाट दाखवेन, म्हणून येत नाही. माझ्या बहिणीला माझ्या वाटचा एक पापा दे.

लोभ आहे तसाच राहू दे आणि जुड्या मोठ्या पाठव.
तुझी,
मेलिसा

चांदीप
५ फेब्रुवारी २०२६

चि. मेलिसास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळं एकत्र करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे तुझे काका. एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्यांनी नळ, पंखा आणि घड्याळ दुरुस्त करायला घेतलं. सोमवारी मी अंधारात, घामाघूम, पाण्यावाचून शाळेला उशिरा पोहोचले. तेव्हापासून सगळं येणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तरी तुझा धंदा, तुझी पारख.

टिफनी जेवते, पण भिंतीला पाठ लावूनच. शेजारच्या शेतातला पंप सुरू झाला की तिला ती मोटारसायकल वाटते. पाण्याच्या मिरवणुकीला तिला पाठवायला नको होतं असं मला आता वाटतं. पण डेरिकच्या लग्नात बहिणींनी पाणी आणायचं नाही तर कोणी, असं तिने विचारलं आणि किती दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं! काशीरामने तिला टेम्पोत मागे बसवून नेलं, तसंच परत आणलं. घरी आल्यावर तासभर ती गाणी गुणगुणत होती.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला झोपू देईना. आपला चेहरा दाखवला की आपले फोटो निघतात असं तू लिहिलंस. दुसऱ्याचा चेहरा दाखवला तर? हे मी टिफनीला विचारलेलं नाही, तुलाच विचारते. मला त्यातलं काही कळत नाही, तेव्हा हा प्रश्न वेडगळ असेल तर हस आणि तसं कळव. मी वाट बघते.

प्रार्थनेत तुझं नाव रोज असतं.
तुझी मावशी,
आल्बिना

वसई
९ फेब्रुवारी २०२६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न वेडगळ नव्हता. मी हसले नाही.

पत्र वाचून तशीच कॉम्प्युटरवर बसले. कोणी कुठला चेहरा दाखवून शोधलं हे ते सॉफ्टवेअर स्टुडिओच्या मालकाला दाखवतं. घेताना मला ती नुसती शोभेची सोय वाटली होती. आळीतल्या बायकांच्या चेहऱ्यांमध्ये एक चेहरा नवरीचा होता. चर्चच्या पायऱ्या, वाऱ्याने उडालेला डोक्यावरचा जाळीचा वेल आणि तो धरून ठेवायला मी घाईत लावलेली पिन. टिफनीच्या लग्नात तो फोटो मीच काढला होता. त्या फोटोची मोठी प्रत एकाच्याच घरात आहे.

त्याला दोन फोटो मिळाले. एकात ती मिरवणुकीत मागे आहे, डोक्यावर पदर, कळशीआडून अर्धा चेहरा दिसतोय. मी तिची सख्खी बहीण, माझ्या नजरेतून ती सुटली. मशीनच्या नाही सुटली. दुसरा फोटो मी बेंजो वाजवणाऱ्यांचा काढला होता. त्यात मागे ती टेम्पोतून उतरतेय. टेम्पोच्या दारावर ठळक अक्षरं आहेत: काशीराम भाजीवाले, चांदीप.

मावशी, आपली पत्रं नेणारा टेम्पो तो. म्हणून हे पत्र डेरिकची नवी नवरी इनेझ हिच्या हाती पाठवतेय. तिला शॉनने अजून नीट पाहिलेलं नाही. पत्र वाचताक्षणी टिफनीला घरातून हलव. कुठे ते मला लिहू नकोस. लिंक मी बंद केली, चेहऱ्यावरून शोधणंही बंद केलं, पण पाहिलेलं त्याच्या डोळ्यांतून कसं पुसू? आज रसाच्या दुकानासमोर मोटारसायकल नाही. ती दिसायची तेव्हा भीती वाटायची. आज दिसत नाही तर जास्तच वाटते.

टिफनीच्या वकील हेतल मॅडमकडे जाऊन आले. टिफनीला शोधायचं नाही, गाठायचं नाही असं कोर्टाने त्याला बजावलेलं असताना त्याने हे केलं, तेव्हा त्या शोधाची नोंद छापून द्या, केसच्या पुढच्या सोमवारच्या तारखेला ती लागेल असं त्या म्हणाल्या. आम्ही पोलिसांतही कळवलं. पण सोमवार अजून लांब आहे.

चूक माझी आहे. रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
मेलिसा

चांदीप
१४ फेब्रुवारी २०२६

चि. मेलिसास,
अ. उ. आ.

आधी हे वाच: टिफनी सुखरूप आहे. आता श्वास घे.

तुझी इनेझ आली तेव्हा मी वाल सोलत होते. पत्र वाचून होईपर्यंत तिने टिफनीची पिशवी भरलीसुद्धा. डेरिकने नशीब काढलं. टिफनी कुठे गेली ते लिहीत नाही, पण तिथल्या बाईने तिला आपली साडी नेसवलीय आणि भाकऱ्या थापायला बसवलंय. तिच्या भाकऱ्यांची सगळं घर थट्टा करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. नाक्यावरच्या दुकानात फोन पुढे करून टेम्पो कोणाचा म्हणून विचारत होता. काशीराम तिथेच चहा पीत होता. टेम्पो आपलाच, असं त्याने लगेच कबूल केलं. मग लग्नाच्या त्या दिवशी विरारच्या चंदनसारहून बायका भरल्या आणि चंदनसारलाच उतरवल्या असं सांगून कुठली गल्ली, कुठली इमारत, खाली कुठली गिरणी, याचं इतकं वर्णन केलं की चहा निवला. शॉन विरारच्या दिशेने गेला. तो गेल्यावर काशीरामच्या हातून कप पडला. जाताना शॉनने माझ्या फाटकाकडे वळून पाहिलं असंही काशीराम म्हणतो. हे तुझ्यापासून लपवणार नाही. कडी लावूनच लिहितेय.

टिफनी आधी रडून तारीख पुढे ढकला म्हणत होती. काल म्हणाली की, ढकलली तर पुढच्या तारखेपर्यंत आणखी कोणाकोणाच्या घरी भाकऱ्या बिघडवायच्या? सोमवारी जायचं ठरलं. इनेझने आळीत एवढंच सांगितलं की, टिफनीला कोर्टात न्यायचंय. बायकांनी पुढे काही विचारलं नाही. पाण्याला नेसल्या होत्या तीच लाल लुगडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या वसई स्टँडवर उभ्या राहणार आहेत. तिथून कोर्टापर्यंत सगळ्या एकत्र चालू. त्यात टिफनी कुठली ते तुझ्या मशीनलाही कळायचं नाही.

तुझ्यावर रागावले होते, दोन दिवस. आता तेवढा वेळ नाही. खाली टिफनीने चार ओळी लिहून पाठवल्यात, त्या चिकटवतेय.

माया आहेच, ती मोजू नकोस.
आल्बिना मावशी

मेली, तो सोमवारी कोर्टात असणारच, हे मला माहीत आहे. पण त्या पाण्याच्या दिवशी मी फोटोत कशी दिसत होते ते त्याने पाहिलं, आणि मीच नाही पाहिलं. तो फोटो डिलीट केला असशील, तर राहू दे. सोमवारी कॅमेरा घेऊन ये. कोर्टाच्या दारात मी पदर खाली घेईन, तेव्हा एक काढ. कुठे चढवू नकोस, कोणाला पाठवू नकोस. कागदावर एकच प्रत काढ आणि माझ्या हातात दे.

तुझी,
टिफनी