उंबऱ्यावरची ओटी : एका वाचकाचे मत

सुदुंबरे,
ता. ३० ऑगस्ट १९३७

चि. सौ. लीला हीस भाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. लोणावळ्याच्या पावसात तुझी लुगडी वाळतात की नाही, ते कळव.

‘गृहसुमन’चा अंक तुलाही आला असेल. कथास्पर्धेचे पहिले बक्षीस ‘उंबऱ्यावरची ओटी’ला दिलेले पाहून माझा माथाच भडकला. माहेरी आलेली मुलगी सासरी निघताना भरलेली ओटी उंबऱ्यावर ओतते, तिथेच बसते आणि जाणार नाही म्हणते! आणि घरचे सगळे गप्प! लेखिकेने नावसुद्धा दिलेले नाही, ‘एक भगिनी’ म्हणे. दुसऱ्या क्रमांकाची ती ध्येयवादी शिक्षकाची कथा किती सरस आहे! वाचकांची मते मागवली होती, तेव्हा मी माझे सहीनिशी धाडले : असे घर उभ्या महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

आपली धाकटी नंदा पंचमीला माहेरी आली ती अजून इथेच आहे. हातावरचा फोड सुकत आला. औंढ्याहून तिच्या सासऱ्यांचा, रखमाजींचा निरोप आहे, की पितृपक्ष लागायच्या आत पोरीला पोचवा. ती काही बोलत नाही, नुसती कामाला जुंपून घेते. आज आई हवी होती. असो. भावावर आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


लोणावळे,
ता. ३ सप्टेंबर १९३७

ती. स्व. भाऊंना लीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. लुगडी वाळत नाहीत. यांचे कपडे शेगडीवर धरते आणि तसेच दमट घालून यांना ड्यूटीवर धाडते.

मास्तराची गोष्ट मास्तरांना आवडली, यात नवल ते काय! इथं रेल्वेच्या चाळीत मात्र पहिल्या कथेवरून दोन तट पडलेत. गार्डसाहेबांच्या मंडळींनी अंकच परत केला. अशानं मुली बिघडतात म्हणाल्या. शेजारची मेहरुन ऐकता ऐकता रडली. तिचं म्हणणं, पोरगी बसली ते बरं केलं, पण दुसऱ्या दिवशी तिला कुणी जेवायला वाढलं ते लिहायला हवं होतं. यांना कथा आवडली, शेवट पटला नाही.

भाऊ, ती कथा मी लिहिली आहे. तुम्ही फोड म्हणता तो तव्याचा चटका आहे, आणि सासूनं दिलेला आहे. औंढं इथून जवळ, तिथल्या बायकांकडून कानावर येतं. मी नंदाला भेटायला गेले, तर मला ओसरीवरूनच परत लावलं. ती बोलत नाही म्हणून मी लिहिलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दाराशी पाऊल वाजलं की पोस्टमन आला वाटतं, भाकरी तव्यावर करपते.

एकच मागणं आहे. वहिनींना वाचता येत नाही. त्यांना कथा वाचून दाखवा आणि त्यांचं मत विचारा. रागवा हवं तेवढं, पण बहिणीला परकी करू नका.

तुमची,
लीला


सुदुंबरे,
ता. ११ सप्टेंबर १९३७

चि. सौ. लीला हीस आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पत्राने दोन दिवस अन्न गोड लागले नाही. घरातली गोष्ट वेशीवर टांगलीस! मला काय नंदाची माया नाही? पण लग्न झालेली बहीण घरी बसली की लोक माझ्या तोंडात शेण घालतील. शाळेत कोणत्या तोंडाने उभा राहू?

तरी तुझे ऐकले. ओसरीवर तुझी वहिनी, नंदा, शेजारच्या शालूबाई आणि आळीतल्या चार बायका बसवून कथा चांगली हावभावांसकट वाचली. त्यात काय काय चुकले आहे, तेही समजावून दिले. मत विचारले तर एकीनेही तोंड उघडले नाही. म्हणजे माझेच पटले. गुरुवारी तळेगावहून सकाळच्या गाडीने नंदाला घेऊन निघतो. स्टेशनावर भेट. रागावलेला असलो तरी आहे तुझाच,

भाऊ


लोणावळे,
गुरुवार, ता. १६ सप्टेंबर १९३७

ती. स्व. भाऊंना शि. सा. नमस्कार. दिवसभर स्टेशनावर उभी होते. पुण्याकडून आलेली एकेक गाडी पाहिली. तुम्ही नाही, नंदा नाही. शेवटी हे येऊन मला घरी घेऊन गेले. भाऊ, मनात सारखी विहीर येते. नंदाचं काही बरंवाईट झालं असेल तर माझ्या कथेला जाळा. दोन ओळी लिहा, शिव्या लिहा, पण लिहा.

लीला


सुदुंबरे,
ता. १८ सप्टेंबर १९३७

चि. सौ. लीला हीस आशीर्वाद. नंदा सुखरूप आहे, हे आधी वाच.

गुरुवारी बैल जुंपले. ओटी भरायला तुझ्या वहिनीला हाक मारली. आई गेल्यापासून घरातली सवाष्ण तीच. ती सुपात तांदूळ, खण, नारळ घेऊन आली आणि सूप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, की तुमी मत इचारलं व्हतं, ते आता सांगते. त्या गोष्टीतल्या पोरीची चूक न्हाई. तिची ओटी जिनं भरली, तिची चूक हाय. मी भरनार न्हाई.

मी शालूबाईंना बोलावले, तर त्यांचे हात शेणाने भरलेले. पलीकडच्या दोन घरी विचारले. त्यांनाही नेमके तेव्हाच काम निघाले. त्या दिवशी कथा ऐकायला बसलेल्या त्याच या बायका. आणि रिकाम्या ओटीने लेक वाटेला लावायची नाही, हे तर मीच जन्मभर सांगत आलो. फार चिडलो. मग बैल सोडले.

सुपातल्या तांदळाचा भात झाला. नंदाने पुन्हा मागून घेतला. मेहरुनला सांग, वहिनीने वाढला. औंढ्याला निरोप गेला आहे, की पोर येणार नाही. आता लोक काय म्हणतील या धास्तीने झोप नाही, पण नंदा आज ओसरीवर बसून केस विंचरताना काहीतरी गुणगुणत होती. इकडे ये, आणि भावावरची माया घेऊन ये.

तुझा,
भाऊ

ता. क. माझे मत पुढच्या अंकात छापून येणारच, आता ते थांबवता येत नाही. म्हणून संपादकांना दुसरे धाडले आहे : असे घर सापडले. मु. सुदुंबरे, ता. मावळ, शाळेमागे.