ईरम्माचं घर

६ एप्रिल
सरकारी सर्व्हेच्या ट्रेनिंगचा तिसरा दिवस. डोकं उठलं! घरात चालणारे धंदे कसे मोजायचे, हे मृत्युंजय सर सकाळपासून सांगतायत. म्हणे पापड, शिलाई, चटणी कुणी नीट मोजतच न्हाय, म्हणून देशाची कमाई कागदावर चुकते. म्हणे आपल्या एका फॉर्ममागं तसली हजार घरं धरतात. मी हात वर करून विचारलं, घरबसल्या लोकांची टर उडवायचा धंदा कुठल्या रकान्यात? सगळे हसले. सर न्हाय हसले. शिक्षा म्हणून जोडीला गुरुराज दिला. पाणी पितानापण त्याची वही उघडी!

८ एप्रिल
ऊन!! जोडीला चोवीस घरं, म्हंजे बारा-बारा. दार उघडलं की पहिला प्रश्न — रेशनकार्डातनं नाव काढणार काय? एका बाईच्या गच्चीवर दोनेकशे कुरडया वाळत घातलेल्या, दारात गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं. आणि ती म्हणते, मी काय करत न्हाय, घरीच असते. मग ह्या काय आपोआप झाल्या व्हय, म्हटलं. दार तोंडावर लावलं.

९ एप्रिल
अकरा झाली. बाराव्याला पाय चालंनात. रसवंतीत बसून फॉर्मवर एक म्हातारी जन्माला घातली. ईरम्मा, वय एकसष्ट, एकटीच राहते. शेंगाचटणी करून विकते, आठवड्याला नऊ किलो. पत्ता — पाण्याच्या टाकीमागं, निळं दार. लई झ्याक उतरली! एकीमागं हजार धरतात की. देशात हजार ईरम्मा सोडल्या मी, कुणाला पत्ता न्हाय.

१० एप्रिल
मेले मी. सरांनी तोच फॉर्म वर्गात वाचून दाखवला, असं लिहावं म्हणून. आणि सोमवारच्या फेरतपासणीला तेच घर निवडलं. स्वतः जाणार म्हणे.
एक फॉर्म खोटा निघाला तर जोडी बाद. जोडी! गुरुराजनं ह्या कामासाठी दुकानातली नोकरी सोडली. एका घराला कुलूप होतं, तर तीनदा गेला येडा.
त्याला सगळं सांगितलं. ओरडंल वाटलं. नुसता म्हणाला, "सुम्म कुंद्र." गप बैस. मग वही मिटली —
"माझं पण नाव त्याच कागदावर हाय, सोनम."

१२ एप्रिल
टाकीमागं सगळं हिंडून आले. निळं दार एकच सापडलं. सार्वजनिक संडासाचं.
एखादी म्हातारी उसनी मिळंल का, असंपण मनात आलं. न्हाय. उद्या सरांना खरं सांगते. मला काढा, गुरुराजला ठेवा म्हणते.

१३ एप्रिल
सकाळी नऊपासून ऑफिसात बसले. सर एक वाजता आले, एवढ्या उन्हात घामाचा टिपूस न्हाय. मी तोंड उघडायच्या आत फॉर्म हातात दिला. खाली लाल शाईत शेरा —
"घर मिळाले. ईरम्मा समक्ष भेटल्या. माहिती बरोबर. मात्र घरातील सुनेची नोंद राहून गेली होती, ती केली. माणसे सोडू नयेत." खाली सही.
सुनेचं नाव लिहिलंय निंगव्वा. वय सव्वीस.