चरकाचा दांडा

ता. ३ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्या मला इथून दिसतात. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, तेव्हा फिट्टंफाट. आज लिहिते ते गरजेपोटी. उगाच मायेचा आव आणत नाही.

आधी बातमी. तुझ्या पुतणीला, जिच्या तू रोज सकाळी दोन वेण्या घालायचीस, तिला जुळं झालं. दोन्ही मुली. नाकं सासूबाईंची, आवाज सासूबाईंच्याही वरचढ. जावई बोटीवर, म्हणून ती पोरींना घेऊन आमच्याकडेच आहे. दिवसाला चाळीस लंगोट, दुपटी वेगळी. हवा अशी दमट की हाताने पिळलेलं तिसऱ्या दिवशीही ओलंच. जिन्याच्या कठड्यावर लंगोट, खुर्च्यांच्या पाठींवर लंगोट. परवा तुझे थोरले दीर वर्तमानपत्र समजून दुपटं उलगडून बसले आणि वर आज बातम्याच नाहीत म्हणाले.

माझी मनगटं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिळायचं काम आजपासून बंद. बंद केल्यावर ते कोण करणार, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

आपला चरक न्हाणीघरात टबाच्या कडेला होता तसाच आहे. सासूबाईंनीच त्याला चरक म्हणायला सुरुवात केली, आठवतं ना? दोन रबरी रूळ, मधून ओला कपडा घालायचा, दांडा फिरवायचा, की पलीकडून कपडा कोरडाठाक. रूळ मी अजून दर महिन्याला पुसते. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरचा स्क्रू सैल ठेवते. सगळं जागच्या जागी आहे, फक्त दांडा नाही. तुम्ही बिऱ्हाड हलवलंत त्या दिवसापासून नाही. लेथवाल्याने नवा करून दिला, तो खाचेत बसेना. मग ह्यांनी पाना लावून फिरवला, तो निसटून ह्यांच्याच हनुवटीवर बसला.

दांडा तुझ्याकडे आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मागितला नाही, कारण तो न्यावा एवढा राग तुझ्या मनात होता हेही कळलं होतं. आता मागते. पाठव.

तुझ्या छोटीला पापा. लोभ राहू दे असं म्हणत नाही, दांडा येऊ दे.

तुझी,
थोरली जाऊ


ता. ११ जानेवारी

ती. सौ. जाऊबाईंस,

सा. न. वि. वि.

जुळ्यांचं वाचून आनंद झाला. तो आनंद त्या पोरींपुरता आणि त्यांच्या आईपुरता.

हो, दांडा माझ्याकडेच आहे. ट्रंकेत लपवून ठेवलेला नाही. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर खिळ्याला टांगलेला आहे आणि दर आठवड्याला मी तो तेलाच्या फडक्याने पुसते. शेजारीण विचारते, हे काय आहे? मी सांगते, हे माझ्या जावेचं मनगट आहे.

तुमची मनगटं गेली ती ओळ मी दोनदा वाचली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

विसरला असाल तर आठवण करून देते. माझ्या भावाचं पत्र आलं होतं, बाबांचं दुखणं वाढलंय, असशील तशी निघून ये. हे टपाल कचेरीत, म्हणून घरची पत्रं ह्यांच्याच हाताने घरी येतात. ह्यांनी ते आणून फडताळावर ठेवलं. तिथून तुम्ही ते उचललंत, ॲप्रनच्या खिशात टाकलंत आणि तीन दिवस तसंच ठेवलंत. चौथ्या दिवशी धुणं निघालं. मी गच्चीत चादरी वाळत घालत होते, खाली तुम्ही एकट्या चरक फिरवत होतात. मी उतरून आले तेव्हा तुमच्या मुठीत पांढरा लगदा होता आणि तुम्ही म्हणालात, तुझं पत्र होतं गं, माझ्या ॲप्रनमध्ये राहिलं, चूक झाली. दुसऱ्या दिवशी तार आली. मी पोचले तेव्हा बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

धुण्याआधी खिसे तपासायचे, हा नियम तुमचा. माझ्या हातरुमालाची गाठसुद्धा तुम्ही सोडून बघायचात. चार वर्षांत तुमच्या हातून साधं बटण कधी रुळांत गेलं नाही. ते पत्र तेवढं चुकून गेलं, हे मी मानावं?

म्हणून ज्या दांड्याने ते पत्र पिळलं तो मी घेऊन आले. परत हवा असेल तर लिहून द्या. धाकटी माहेरी गेली तर धुणं कोण करणार म्हणून मी पत्र मुद्दाम दाबून ठेवलं, असं स्वच्छ अक्षरात लिहा आणि खाली सही करा. उलट टपाली दांडा निघेल. तोवर पिळा हातांनी.

लोभ आहे तेवढाच पुरे, वाढवू नये.

तुमची,
धाकटी

ता. क. वहिनी, सा. न. मीही दोन ओळी लिहितो. किती दिवस हे धरून बसायचं? झालेली चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो. तू मोठी आहेस, मोठेपणा दाखव, म्हणजे आमच्याही घरात शांतता नांदेल. तुझा दीर.


ता. १७ जानेवारी
(कचेरीच्या पत्त्यावर)

चि. भाऊजीस,

आशीर्वाद. हात उठत नाही, तरी रीत म्हणून.

तुझ्या दोन ओळी वाचल्या आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कबूल करू? मोठेपणा दाखवू?

त्या दिवशी रुळांतून बाहेर आला तो माझा ॲप्रन नव्हता, तुझा खाकी शर्ट होता. तू कचेरीला निघता निघता काढून टबात फेकलास आणि मी घाईत खिसा न बघता तुझ्यावर विश्वास टाकला. लगदा पाहून तू न्हाणीघराच्या उंबऱ्यात मटकन बसलास. वहिनी, तुझ्यावर घे, म्हणालास, मी विसरलो असं कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझ्या फुटलेल्या पाट्या, हरवलेल्या छत्र्या, सगळं सासूबाईंपुढे मी माझ्या अंगावर घेतलं होतं. त्याच सवयीने हेही घेतलं. एक दिवस फुगून बसेल आणि हसेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तार येणार, हे मला काय ठाऊक!

तार आल्यावर तू बोलशील म्हणून मी थांबले. सामान टांग्यात चढलं तरी बोलला नाहीस. मी सहा वर्षं मूग गिळून बसले आणि आता तूच मला उपदेश करतोस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पंधरा दिवस देते. तू तिला सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगेन.

तुझी वहिनी


ता. २४ जानेवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून लगेच फाडून टाकलं, तूही हे फाडून टाक.

वहिनी, मी विसरलो, एवढाच माझा गुन्हा. त्या आठवड्यात कचेरीत मान वर करायला फुरसत नव्हती. पत्र खाकी शर्टाच्या खिशात घातलं, घरी जाऊन देऊ म्हटलं, आणि ते तीन दिवस तिथेच राहिलं. फडताळावर ठेवलं होतं असं एकदा तोंडातून गेल्यावर मागे फिरायला वाट उरली नाही. तार आल्यावर तर नाहीच. तिला कळलं तर माझा संसार राहणार नाही.

तू आजवर निभावलंस, तसंच पुढे निभाव. ती म्हणते तशा दोन ओळी लिहून दे. ती तिकडे, तू इकडे, तुझं त्यात काय जातं? चरकाचं म्हणशील तर विजेवर चालणारं नवं यंत्र मी घेऊन देतो, म्हणजे दांड्याची कटकटच मिटली.

आणि रागाच्या भरात तिला काही लिहिलंसच, तरी घरचं टपाल माझ्याच हातून जातं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी माया होती तशीच राहो.

तुझा,
धाकटा दीर


ता. २ फेब्रुवारी
(पार्सलबरोबर)

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

पुष्कळ विचार केला. तुझी अट मला मान्य आहे. लेखी हवं होतं तुला, लेखी मिळेल. दुखणाऱ्या मनगटाने फार लिहवत नाही, म्हणून या पत्रात लांबण लावत नाही.

सोबत माझा जुना ॲप्रन पाठवते. तोच तो. तुझ्या मते सगळं पाप ह्याच्या खिशात होतं, तर पापासकट तूच ठेव. जाळायचा तर जाळ, वापरायचा तर वापर, कापड अजून दणकट आहे. मात्र काहीही करण्याआधी आपल्या घरचा नियम पाळ.

छोटीसाठी दोन झबली पाठवणार होते, पण ती आता मोठी झाली असेल हे धुताना लक्षात आलं. मी तिला पाळण्यात पाहिलेली. जुळ्यांपैकी एक रात्रीची राखण करते, दुसरी दिवसाची, त्यामुळे घरात चोराची भीती नाही.

भाऊजींना सांग, वहिनीने मोठेपणा दाखवला.

तुझी,
थोरली जाऊ


ता. १० फेब्रुवारी

ती. सौ. जाऊबाईंस,

शि. सा. न. वि. वि.

पार्सल हे घेऊन आले. दोरी सोडून पुन्हा बांधलेली होती. ह्यांची गाठ मी ओळखते. तुमचं पत्र ह्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि बघ, वहिनी नरमली, असं म्हणून खुशीत आंघोळीला गेले.

मी ॲप्रन शेगडीत घालायला निघाले होते, खोटं नाही. पण तुमच्या हाताखाली चार वर्षं धुणं केलंय. पाण्यात असो की आगीत, खिसा तपासल्याशिवाय कपडा माझ्या हातून सुटत नाही. खिसा टाके घालून शिवलेला होता. ह्यांना टाके उसवून बघायचं सुचलं नाही, मला सुचलं.

आतून निघालेलं, ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग आंघोळीहून येऊन ह्यांनी चहा मागितला, तेव्हा चहाच्या जागी ते पत्र समोर ठेवलं. काय काय झालं ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्या दिवसापासून माझ्या घरातल्या चादरी हे हाताने पिळतात आणि मी थेंब गळतो का ते बघते.

दुसरा कागदही मिळाला. तो लगदा तुम्ही वाळवून, सरळ करून सहा वर्षं ठेवलात, हे मला ठाऊक नव्हतं. शाई सगळी पसरली आहे. भिंगातून पाहिलं तर मधला एकच शब्द लागतो, दाराकडे. भावाला विचारायची गरज पडली नाही. पडल्यापडल्या बाबा कुठे बघत होते, ते मला कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही आणि ह्यांनाही वाढलं नाही.

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. तार आली त्या संध्याकाळी तुम्ही बोलायला हवं होतं. दिराला पोटाशी धरलंत आणि मला रित्या हातांनी पाठवलंत. पण मनगटं गेल्याचं वाचून बरं वाटलं असं मी लिहिलं, ते माझ्या अक्षरात तुमच्याकडे आहे आणि मला ते परत मागता येत नाही. त्याची मला लाज वाटते. ते पत्र फाडा. ह्यांचं मी फाडणार नाही. दांड्याचा खिळा रिकामा होतो आहे, तिथे ते लावीन.

ह्यांनी रजा काढली आहे, म्हणजे मी काढायला लावली. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. दांडा बरोबर देते आहे. घरात घेण्याआधी ह्यांचे खिसे तपासा. दांडा ह्यांनी फिरवायचा, कपडे पुतणीने घालायचे, आणि तुम्ही खुर्चीत बसून स्क्रू किती आवळायचा तेवढं सांगायचं. जुळ्यांचे लंगोट कमी पडले तर शेजारणीच्या चादरी मागून आणा.

परत कधी यायचं, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, पत्र टाकीन. पत्र आलं की निघायचं, त्याआधी नाही. तिकडच्या कचेरीत ह्यांच्या ओळखीचं आता कुणी उरलेलं नाही, ही चौकशी मी करून ठेवली आहे. तेव्हा एवढं माझ्यासाठी करा. रोज टपालवाला यायच्या वेळेला पुढच्या खोलीत ह्यांना खुर्ची टाकून द्या, दाराकडे तोंड करून.

पत्र कधी टाकायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मनगटं शेकत जा. लोभ वाढवलात तर आता माझी हरकत नाही.

तुमची,
धाकटी