डबा जोडल्याशिवाय

ब्रनो, मंगळवार

प्रिय बाबांना, झ्लाताचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकला गेला. शेजारच्या माग्दा मावशी अजून सूप आणून देतात का?

मी दिवसभर करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत. संगणकाच्या गाभ्यात छोटे प्रोग्राम चढवणारी एक कमांड आहे. ती ते चढवायची, पण कामाला जुंपायची नाही. हे ऐकून तुम्ही फोनवर खेकसलात, "अगं, डबा रुळावर ठेवून इंजिनाला जोडलाच नाहीस, तर गाडी जाईल कशी?" चाळीस वर्षं यार्डात डबे जोडलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

मग मी त्या कमांडला नवा पर्याय दिला: चढव आणि लगेच जोड. आमचे बदल तपासणाऱ्या खवट राडोवाननं तो परत पाठवला. "बाई, मॅन्युअलमध्ये याचा उल्लेख कुठाय? लिहिलंच नाहीस, तर लोकांना कळणार कसं?" लाजले. लिहून पुन्हा पाठवला. काल त्यानं तो एकदाचा घेतला.

आमच्याकडे बदलाखाली सुचवणाऱ्याचं नाव लिहितात. तिथं तुमचं आहे, ओंद्रेय ह्लावाच. आता ते कुणाला पुसता येणार नाही.

बाबा, छातीच्या तपासणीत काय निघालं? फोनवर तुम्ही "सगळं ठीक" म्हणून हवापाण्यावर येता. लिहिलंच नाहीत, तर मला कळणार कसं?

बरं, मीच सुरुवात करते. खोकला गेलेला नाही.

तुमच्या खऱ्या उत्तराची वाट बघणारी,
झ्लाता