त्रेचाळीस लाख नोंदी

उल्हासनगर, कॅम्प २
शनिवार

प्रिय यशोधरा,

जयभीम. अक्षर वाकडं आलंय, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची तीन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. काका दुकानाच्या पायरीवरून पडले, असं तुला सांगायला दुकानातल्या महेंद्रला मीच लावलं होतं.

अंबरनाथच्या कंपनीत टाकी फुटली, तुझ्या बाबांना आपण पायातल्या बुटावरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि मालक म्हणतो, भगवान ड्युटीवर झोपला होता, त्याने अलार्म दिलाच नाही. तिथल्या गॅसमीटरच्या आणि अलार्मच्या नोंदी आपल्याच कॉम्प्युटरच्या दुकानात जमा होतात. चौकशी समितीने त्या XML फाइलीत मागितल्या, काल पाचच्या आत. सकाळी तू शिकाऊ असताना लिहिलेला प्रोग्राम लावला. नोंदी त्रेचाळीस लाख, वेळ दाखवला तीस तास!

अकराला मालकाची दोन माणसं सळया घेऊन आली. पुढची तिन्ही मशीनं फोडली. शेजारचा चंदूशेठ मध्ये पडला, तर त्याच्या डोक्यात सळई घातली, काउंटरभर रक्त. मग माझा हात ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर लाथेने बंद केला. म्हणाले, चाचा, अब टायपिंग कैसे करोगे? मी म्हटलं, भाऊ, मी दोनच बोटांनी करतो. त्या विनोदापायी तिसरं बोट गेलं.

सगळं फोडलं समजून ते गेले. सर्व्हर माळ्यावर चालूच होता. चंदूशेठला लोकांनी रिक्षात घातलं, मी हाताला फडकं गुंडाळून वर गेलो. कान माझे तुला माहीत आहेत. डिस्क कट-कट, कट-कट करत होती, एकेका नोंदीला एकेकदा. तेव्हा आठवलं. आपल्याकडे लाइट जायची, केलेलं काम उडायचं, म्हणून तू दर नोंदीला फाइल उघडायचीस, लिहायचीस, बंद करायचीस. डेटाबेसलाही दर वेळी नव्याने विचारायचीस. पोरी, तुझी काळजी खरी होती, पण तीस तासांची! डाव्या हाताने बदललं: पाच-पाच हजार नोंदी एकदम उचलायच्या, फाइल एकदाच उघडायची, सरळ लिहीत जायचं, शेवटी बंद. कटकट थांबून एकसारखी घरघर लागली. पाऊण तासात फाइल तयार, चारच्या आत समितीकडे पोचली. हाड बसवायला त्यानंतर गेलो.

पाठवण्याआधी मी त्या दिवसाच्या नोंदी वाचल्या. बाबांनी अलार्म तीनदा दाबलाय, शेवटचा स्फोटाआधी चार मिनिटं. तिन्ही वेळा तो ऑफिसातून बंद केला गेला. बाबा झोपले नव्हते, यशोधरा. तुझ्या आईला सोनिवलीत घरी जाऊन मी सांगून आलो. तिने मला चहा दिला, तो मला पिववला नाही.

कारण ऑफिसातून अलार्म बंद करायची सोय मीच करून दिली होती. दोन वर्षांपूर्वी मालक म्हणाला, उगाच वाजतो, काम थांबतं. मी एका दुपारी हसत हसत केली. बाबांनी विचारलं होतं, राजा, हे बरोबर आहे का रे? मी म्हटलं, दादा, ते बंदचं बटण कोण दाबतंय एवढं. समितीला फाइलीसोबत हेही सहीनिशी लिहून दिलंय. आईला मात्र तोंडावर सांगायची छाती झाली नाही. सोमवारी समितीत ते वाचलं जाईल, सगळ्यांना कळेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र महेंद्रच्या हाती पाठवतोय. आईला तू सांग, आणि मला शिव्या द्यायच्या तर समोर येऊन दे. दुकान उघडंच आहे.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
राजेंद्रकाका