पुट युवर फुट डाउन

५ फेब्रुवारी १९३४
शिपाई सुटीसाठी हटून बसला, तेव्हा साहेब म्हणाले, 'आय मस्ट पुट माय फुट डाउन.' म्हणजे एकदा नाही म्हटलं की नाही. ऑफिसात चौघांना अर्थ समजावून दिला. इंग्रजीची जाण मला उपजतच.

बापूसाहेबांनी (थोरले बंधू) आमच्या मुलीसाठी, सरोजिनीसाठी, पाटणचे वकील आणलेत. बिजवर, दोन मुलं. मुहूर्त फाल्गुनातच हवा म्हणतात. तिची मॅट्रिक मार्चात. तिला शब्द दिला: परीक्षेआधी लग्न नाही. उद्या सकाळीच फुट डाउन.

६ फेब्रुवारी
बापूसाहेब संध्येला बसले होते. मग जेवायला. जेवणाऱ्याशी वाद घातला तर अन्न अंगी लागत नाही. मग वामकुक्षी.
उद्या.

१० फेब्रुवारी
बोललो! म्हटलं, वकिलांचं जरा... ते म्हणाले, का रे, काही अडचण आहे? म्हटलं, छे, घर चांगलंच आहे.
पाय रोवण्याआधी जमीन तपासावी लागते. हे विनताला (आमची सौ.) सांगितलं. ती म्हणाली, तपासून झाली की कळवा.

१४ फेब्रुवारी
वकिलांकडचे पाहुणे रविवारी येणार. उत्तम. चारचौघांतला नकार जास्त ठाम दिसतो. सरोजिनीला म्हटलं, निश्चिंत अभ्यास कर.

१८ फेब्रुवारी, रात्र
पोह्यांआधी बोलणार होतो. पोहे लवकर आले.

बापूसाहेबांनी विचारलं, मुलीच्या बापाचं काय म्हणणं? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सुपारी कातरत होतो. बोट कापल्यासारखं केलं.

सरोजिनीनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मला परीक्षेला बसायचं आहे. आधी परीक्षा, मग लग्न, असं बाबांनीच ठरवलं आहे."

"खरं का रे, अच्युत?" बापूसाहेब.

मी मान हलवली. कोणत्या बाजूनं, ते मलाही सांगता येणार नाही. पाहुणे चहा न घेताच उठले. बापूसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

१९ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं, काल घरी पुट माय फुट डाउन. 'वेल डन,' म्हणाले. तोंडातून गेलं आणि दिवसभर मान वर होईना.

संध्याकाळी सरोजिनी अभ्यासाला बसली. मी तिला त्याच वाक्प्रचाराचा अर्थ विचारला. तिनं बिनचूक सांगितला. म्हटलं, आता वाक्यात उपयोग कर.

तिनं घडीभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुम्हीच सांगा, बाबा."

पेन्सिल हातात घेतली. वाक्य सुचलं नाही.