खुर्च्यांमागची बाई

बाई, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि गेली आठ वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडणाऱ्या मुलींच्या खुर्च्यांमागून सुपरवायझर म्हणून मी चालते आहे, अगदी तुमच्यासारखी. कांजी केलेली पांढरी साडी, हात पाठीमागे, चपलांचा आवाज मुद्दाम जरा मोठा. मुली मागे न बघता ताठ होतात. मीही व्हायची. एकोणीस वर्षांची, उमरेडहून येऊन सक्करदऱ्याला मावशीकडे राहिलेली, कानाला हेडफोन, समोर बोर्डावर लागणारे-विझणारे दिवे आणि पाठीवर तुमची नजर. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "बाई, मले ऐकू नाही येऊन राहिलं." तुम्ही हेडफोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मले नाही, मला. मला ऐकू येत नाही. म्हण." मी म्हटलं. मग तुम्ही हेडफोन बदलून दिलात. त्या दिवसापासून त्या खोलीत मी माझ्या गावची बोली कधी बोलले नाही.

त्याच वर्षीचा मे महिना आहे, खिडक्यांना खसच्या ताट्या लावल्या आहेत, तरी मान घामाने चिकचिकते आहे. लकडगंजच्या एका माणसाला मी त्याच्या गावचा कॉल जोडून देते आणि लाइन लागली का ते ऐकते, तोच पलीकडची बाई सांगते की लेकरू गेलं. मी बोर्डावरच रडायला लागते. तुम्ही माझ्या कानावरचा हेडफोन काढता, मला उठवता, माझ्या जागी बसता. "घरचं असो की दुसऱ्याचं, बोर्डावर आणायचं नाही. पाणी पी आणि पाच मिनिटांत परत ये." दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर हेडफोनच्या आत कानावर ठेवायच्या दोन मऊ गाद्या होत्या, हाताने शिवलेल्या. टाके तुमचे होते. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, आणि मला वाटलं, वरचं माणूस असंच असतं.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. माझ्याच भागातली, शेतकऱ्याच्या घरची. "बाई, मले साडेचारच्या एसटीले सोडता का? बाबाले बरं नाही. सकाळपासून बोलूनच नाही राहिले." त्या दिवशी दोघी जणी गैरहजर होत्या, बोर्ड तुंबलं होतं. मी म्हटलं, "घरचं बोर्डावर आणायचं नाही." वाक्य तुमचं, आवाजही तुमचा. तो आवाज इतका हुबेहूब लागला म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं.

सव्वापाचला तिच्या शेजारणीच्या बोर्डावर उमरेडचा कॉल आला. तिचा भाऊ होता. "तिले पाठवा, बाबा गेले." शेजारीण तिच्याकडे वळली नाही, माझ्याकडे बघत राहिली. हळूहळू सगळ्याच बघायला लागल्या. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिने मान वळवली, सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग हातातल्या कॉलवरच्या माणसाला नेहमीसारखं सांगितलं, "तीन मिनिटं झाली," बोर्डातून दोर काढला, आणि उठली.

ती तेरा दिवस आली नाही. त्याच दिवसांत ऑफिसने आम्हा सुपरवायझरांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते. ते म्हणाले, माणसाच्या मनात फार जुन्या मूर्ती असतात. राजा, योद्धा, आई, ज्ञानी, विदूषक. हाताखाली माणसं आली की आपण नकळत त्यांतली एखादी अंगावर घेतो. चांगल्या पुढाऱ्याला त्या ओळखता येतात, प्रसंग पाहून तो एकीला पुढे आणतो, दुसरीला बसवतो. एकीतच राहिला तर तिच्यात कोंडला जातो. मग त्यांनी आम्हाला डोळे मिटून आपला पहिला वरिष्ठ आठवायला सांगितला. मला तुम्ही दिसलात. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं.

"म्हणजे राणी," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मीही तीच."

"ती तर त्यांची झाली. तुमची कोणती?"

चहाच्या सुट्टीत बाकीचे एकमेकांना राजा, विदूषक म्हणून हसत होते. माझा कप तसाच राहिला.

परत आल्यावर मी आई होऊन पाहिलं. एका मुलीला विचारलं, "चहा घेतलास का गं?" ती घाबरून उठलीच. "नाही बाई, ड्यूटीवर नाही घेत." नुसती साडी बदलल्यासारखं आई होऊन काय होणार, तिने चपला ओळखल्या होत्या.

चौदाव्या दिवशी ती मुलगी आली. सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, एक सांगू? माझ्या मागून चालू नका. तुमच्या चपला वाजल्या की मले तोच दिवस आठवते."

"मग मी कुठी बसू वं?" माझ्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांनी गावची बोली, त्या खोलीत.

तिने शेजारची रिकामी खुर्ची ओढली. मी बसले, हेडफोन लावला. बोटं चुकत होती. तिसऱ्या कॉलनंतर मी हळूच म्हटलं, "तुले मी जाऊ द्यायले पाहिजे होतं." "हो," ती म्हणाली, आणि पुढचा दिवा लागला तो घेतला.

आता मी रोज तासभर तिथे बसते. पण बोर्ड तुंबलं की कधी उठते ते मलाच कळत नाही. चपला वाजायला लागतात, मुलींच्या पाठी ताठ होतात, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी तुमच्या चालीने फिरत राहते. थांबायचं म्हटलं तरी पाय थांबत नाहीत. लोकांना थेट परगावचा नंबर फिरवता येणारी एसटीडी आल्यापासून कॉल कमी झालेत, एक दिवस ही खोलीच बंद होईल. तेव्हाच सुटेन बहुतेक.

हे पत्र टाकायचं नाही. तुमच्या पत्त्यावर तुमची सून राहते, तिला काय कळायचं! पण एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. सगळ्या रडल्या, मी कॉल घेत राहिले. नंतर जो तो म्हणाला, हीच बाईंची खरी चेली, रडू कसं आवरलं बघा. मी रडू आवरत नव्हते, बाई. मला रडू आलंच नव्हतं. सुपरवायझर होण्याच्या यादीत तुमच्यानंतर माझा नंबर कितवा लागतो, ते मी आठवत होते.